लाल चिंधीची झाडं

दोर्सिला हिंदोमनं राईतल्या सगळ्यांत देखण्या झाडाला आईची केबाया चढवली तेव्हा गावातलं एकही माणूस हसलं नाही, आणि तिथंच तिला संशय यायला हवा होता. एरवी या गावाला कुणी चिखलात घसरून पडलं तरी आठवडाभर हसायला पुरतं. पण दोर्सिला त्या दिवशी इतकी खुशीत होती की लोक गप्प आहेत ते आपल्याला मान देतायत, असंच तिला वाटलं.

फाकफाकच्या डोंगरात जायफळाचं झाड म्हणजे बाई. घर पोसणारी आई. म्हणून राईला फुलं आली की ज्याची झाडं त्यानं आपल्यातलं एक निवडायचं आणि घरातली ठेवणीतली केबाया, म्हणजे बायकांचा झंपर, त्याच्या अंगावर घालायची. पुढून टाचण्या लावायच्या, लांब बाह्या खोडामागं नेऊन बांधायच्या. गावात चर्चला जाणारे आहेत, मशिदीत जाणारे आहेत, एकाच घरातही दोन्ही आहेत. तेव्हा प्रार्थना दोन्ही होतात. त्या क्षणापासून राईवर बंदी. फळ झाडावरच आपणहून उलेपर्यंत आत कुणी पाऊल टाकायचं नाही, मालकानंसुद्धा नाही. बाळंतिणीच्या खोलीत कुणी डोकावत नाही, तसंच.

ही झाडं खरं तर दोर्सिलाच्याच हातची. लग्नाच्या आधी दोनेक वर्षं तिनं बापाच्या जुन्या झाडांखालून बिया वेचल्या होत्या. त्याचं शास्त्र बापानं तिला शिकवलं होतं. नुकतं उललेलं फळ घ्यायचं, आतली जायपत्री ओली आणि लालभडक हवी. बी कानाशी धरून हलवायची. आत खुळखुळ वाजली की ती मेलेली, ती बाजाराला चालते, जमिनीला नाही. सावलीतल्या भुसभुशीत मातीत बी आडवी निजवायची, वर पालापाचोळा. मग जीव मुठीत धरून वाट बघायची, कारण दोन-दोन महिने जमीन ढिम्म हलत नाही. अधीर माणूस उकरून बघतो आणि कोंब मोडतो. रोप वर आलं तरी त्याला ऊन सोसत नाही, मोठ्या झाडाच्या आडोशालाच ते वाढतं. हलवताना मुळाशी माती तशीच राहिली पाहिजे, मूळ दुखावलं की रोप वर्षभर रुसून बसतं. हे सगळं दोर्सिलानं केलं. धाकटा इद्रिस तेव्हा शेंबडा होता. तो तिच्या मागं मागं यायचा आणि रोपांना पाणी घालायच्या निमित्तानं स्वतःच भिजायचा.

एक गोष्ट मात्र बी सांगत नाही, पान सांगत नाही, पाद्रीबाबाही सांगू शकत नाही. झाड नर आहे की मादी, हे सात-आठ वर्षांनी पहिलं फूल आलं की कळतं. निम्मे नर निघतात. दहा माद्यांमागं एक नर ठेवायचा आणि बाकीच्यांवर कुऱ्हाड चालवायची, नाही तर ते नुसते खातात आणि माजतात. हे दोर्सिलाला तोंडपाठ होतं. पण रोपं कमरेएवढी झाली आणि ती सोरोंगला सासरी गेली. नराचं फूल कसं आणि मादीचं कसं, हे बापानं शिकवायचं राहून गेलं आणि मग बापही राहिला नाही.

ती परत आली ती नवरा गेल्यावर. बोट बुडाली, माणूस मिळाला नाही. सासरच्यांनी तेराव्या महिन्याला तिची पेटी दारात ठेवली. आता ती धाकट्या भावाच्या घरात, भावजयीच्या चुलीवर होती. इद्रिस लग्नात मुसलमान झाला होता, नावही तेव्हाच घेतलेलं. त्याची बायको सालबिया तशी वाईट नव्हती, पण तिची जीभ जरा तिखट होती.

"ताई, मिरच्या संपल्या का एवढ्यात?" ती सहज विचारायची. "नाही, शहरात तिखट जास्त खात असतील. मला आपलं ठाऊक नाही, म्हणून विचारलं."

दोर्सिला मनातल्या मनात दिवस मोजत होती. आपल्या झाडांना फळ धरलं की स्वतःचं खोपटं, स्वतःची चूल, स्वतःच्या मिरच्या. नाही धरलं तर मरेपर्यंत दुसऱ्याच्या फडताळातली मिरची मोजून खायची. तिला दुसरं काहीच मागायचं नव्हतं.

आणि वाटणीचा विषय तिला काढावाही लागला नाही. इद्रिसनंच काढला. आई, म्हातारी योसिना, दारात बसून सुपारी कातरत होती. इद्रिस म्हणाला, "ताई, राई तुझ्या हातची. निम्मी तुझी, निम्मी माझी."

दोर्सिलाच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरे, वरची बाजू तू घे. ओढ्याकडची मला चालेल."

"तसं नको. ओढ्याकडे माती चांगली, वर खडक. उद्या एकाला जास्त, एकाला कमी, मग कुरबुर. मिसळून घेऊ. एक तुझं, एक माझं. तुझ्या झाडांना लाल चिंधी बांधून ठेवू."

"आणि नर किती निघाले रे?"

"ते गेल्या खेपेलाच तोडले," इद्रिस म्हणाला. "बापानं सांगितलंय, तसं."

आईनं सुपारीची फोड तोंडात टाकली आणि चुना लावलेली काडी चाटली.

दोर्सिला राईत गेली तेव्हा चिंध्या बांधून झाल्या होत्या. फुलं नव्हती, फळंही नुकतीच उतरवलेली. पण आपली झाडं बघून तिचा ऊर भरून आला. सरळ, उंच, पानं दाट, हिरवीगार, अगदी तालमीतली पोरं. इद्रिसची झाडं त्यांच्यापुढं जरा थकल्यासारखी, फांद्या वाकलेल्या. तिला भावाची दयाच आली. चांगली झाडं पोरानं बहिणीला दिली! हे तिनं विहिरीवर सांगितलं, चर्चच्या पायरीवर सांगितलं, फाकफाकच्या बाजारात मासे घेताना कोळणीलासुद्धा सांगितलं. ऐकणाऱ्या बायका म्हणायच्या, "हो का? नशीबवान आहेस गं," आणि आपापल्या टोपल्या उचलायच्या.

फुलं आली तेव्हा तर कहरच झाला. लाल चिंधीच्या झाडांवर पिवळसर फुलांचे नुसते घोस लटकले. इद्रिसच्या झाडांवर कुठंतरी एकेक, लाजल्यासारखं. दोर्सिला रोज मोजायला जायची आणि मोजता मोजता दमायची.

केबाया चढवायच्या दिवशी राखणदार म्हणून मार्सेल म्हातारा होता. त्याला सगळे तेते म्हणायचे, म्हणजे आजोबा. बंदी घालायचा मान त्याच्या घराण्याचा. त्यानं दोर्सिलाचं झाड खालून वर बघितलं, मग पुन्हा वरून खाली बघितलं.

"हेच?" त्यानं विचारलं.

"हेच, तेते. सगळ्यांत जास्त फुलं याच्यावर आहेत."

"मालकानं नाव घेतलं की झालं," म्हातारा पुटपुटला. तो बाजूला सरला आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

केबाया आईच्या लग्नातली होती, फिकट निळी, कडेला पांढरी जाळी. आईनं ती स्वतःच्या पेटीतून काढून दिली होती. दोर्सिलाचे हात आनंदानं थरथरत होते, शेवटची टाचणी काही केल्या बसेना. मग आई पुढं आली, तिनं लेकीच्या हातातून टाचणी घेतली आणि झाडाच्या छातीवर नीट लावून दिली. प्रार्थना झाल्या. राई बंद झाली.

मग पुढचे कितीतरी महिने दोर्सिलानं कष्ट केले. गावाच्या वरच्या अंगाला तिनं खोपट्याचे खांब रोवले, बांबू चिरले, साबूदाण्याच्या झाडाच्या झापांनी छप्पर शाकारलं. चुलीसाठी समुद्रावरून तीन दगड वाहून आणले. इद्रिस मदतीला आला नाही. त्याची पाठ दुखत होती. सालबिया मात्र अचानक गोड झाली. माशाचा डोक्याकडचा तुकडा दोर्सिलाच्या ताटात पडायला लागला, मिरच्यांची चौकशी थांबली.

"वहिनी, तब्येत बरी आहे ना तुझी?" दोर्सिलानं एकदा हसून विचारलं.

"मला काय धाड भरलीय?" सालबिया म्हणाली आणि उठून आत गेली.

बंदी उठायच्या दिवशी सकाळपासून गाव राईत लोटलं. बायकांच्या पाठीवर टोपल्या, पुरुषांच्या हातात टोकाला परडी बांधलेले लांब बांबू. इद्रिसच्या झाडांवर फळं उलली होती. पिवळ्या सालीच्या फटीतून लाल जायपत्री डोकावत होती. पोरं ओरडायला लागली. तेते मार्सेलनं आधी इद्रिसच्या झाडाची केबाया उतरवली, मग दोर्सिलाच्या झाडाची. घडी घालून तिच्या हातात दिली आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "घे, पोरी."

दोर्सिलानं वर बघितलं. पानं होती. पानांच्या मागं पानं होती.

ती दुसऱ्या चिंधीकडे गेली. तिसऱ्या. चौथीपाशी तिनं खोड धरून झाड हलवलं, जणू फळ कुठं लपून बसलंय. मग ती धावायलाच लागली, केबाया काखेत, एका लाल चिंधीकडून दुसरीकडे. लोकांनी तिला वाट करून दिली. एकाही झाडावर एकही फळ नव्हतं. लाल चिंधी नसलेल्या प्रत्येक झाडावर फळं होती.

"तेते," ती म्हणाली, "माझ्या झाडांना कीड लागली का?"

म्हाताऱ्यानं एक खालची फांदी वाकवली. उशिरा आलेला एक फुलांचा घोस तिच्यावर अजून टिकून होता. त्यातलं एक फूल त्यानं नखानं चिरलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. "बघ. आत नुसता एक दांडा आणि पिवळी धूळ. मादीच्या फुलात पोट असतं. ह्याला पोटच नाही. नर घोसानं फुलतो, मादी एकेकटी. ही सगळी नर आहेत, पोरी. तू नराला केबाया घातलीस."

"आणि तुम्ही घालू दिलीत?"

"मालकानं नाव घेतल्यावर राखणदार बोलत नाही. रीत आहे."

"आणि हे सगळे? ह्यांचीही रीतच का?" दोर्सिलानं भोवती बघितलं. विहिरीवरच्या बायका, चर्चच्या पायरीवरच्या बायका. सगळ्यांना फुलं दिसली होती. दोर्सिलाच्या अंगाची लाही लाही झाली. पाठच्या भावानं केसानं गळा कापला तो कापला, पण गळा कापताना बघायला अख्खं गाव नटूनथटून आलं होतं आणि वर प्रार्थनाही म्हणून गेलं होतं.

तिला एक गोष्ट आता लख्ख दिसली. आधीच्या फुलोऱ्यातच हे नर तोडायला हवे होते. कुणी एवढे नर पोसत नाही. ते राखले होते. ती येणार असं कळलं आणि ते तिच्यासाठी राखले गेले.

इद्रिस बांबू टाकून मागं सरकत होता. तिनं त्याला गाठलं.

"नर तोडले म्हणालास!"

"ताई, ऐक तर..."

"मी तुला ह्या काखेत वाढवलं रे! तू मला निम्मी वाटणी देत नाही म्हणाला असतास, तर मी हूं म्हटलं असतं. एक झाड दिलं असतंस तरी मी नाचले असते. हे कशाला केलंस? लोकांपुढं मला बाहुली करून नाचवायला?"

"मला काय कळतंय त्यातलं!" इद्रिस एकदम रडवेल्या सुरात ओरडला. "नर कुठला, मादी कुठली, मला आजही ओळखता येत नाही. आईला विचार! चिंध्या आईनं बांधल्या!"

सालबियानं टोपली खाली ठेवली आणि तोंडाला पदरासारखी ओढणी लावली.

आई घरी होती. गुडघे दुखतात म्हणून ती राईत आली नव्हती. मुरंब्यासाठी पहिल्या टोपलीतल्या जायफळाच्या साली पातळ चिरत बसली होती. दोर्सिला दारात उभी राहिली तरी तिचा हात थांबला नाही.

"कळलं वाटतं," आई म्हणाली.

"इद्रिस म्हणतो, चिंध्या तू बांधल्यास."

"मग कोण बांधणार? त्याला आंब्यातला आणि फणसातला फरक सांगावा लागतो. तुझ्या बापालाही कुठं कळत होतं! तो झाडावर चढायचा, फूल खाली टाकायचा आणि विचारायचा, योसिना, सांग गं काय आहे. नाव त्याचं व्हायचं."

"आई, मी काय विचारतेय?"

योसिनानं सुरी खाली ठेवली. "तुझं पत्र आलं की माणूस गेला, मी येतेय. इद्रिस म्हणाला, निम्मी झाडं द्यावी लागतील. रात्रभर कण्हत होता. ती सालबिया म्हणाली, मग आम्ही माझ्या माहेरी जातो. गेली असती गं ती. त्याला घेऊन. मग मी कुणाच्या चुलीवर जेवू?"

"माझ्या!"

"तेव्हा तुझी चूल कुठं होती?"

आईचा आवाज चढला नव्हता, हेच दोर्सिलाला सहन होत नव्हतं.

"दोर्सिला, तू कुठंही टाकलीस तरी उगवतेस. सोरोंगला उगवलीस, इथं परत आलीस तर हातानं घर बांधलंस. त्याला राईतून उपटला तर तो वाळून जाईल. दोन लेकरांत एकाला उपाशी ठेवायचं, तर जे टिकेल त्याला ठेवायचं. प्रत्येक आई तेच करते. बोलून कुणी दाखवत नाही."

"मग केबायाला टाचणी का लावलीस? ती तरी लावायची नव्हतीस."

"तुझा हात थरथरत होता," आई म्हणाली. "टोचली असती तुला."

त्या क्षणी आईनं एक थोबाडीत दिली असती तरी बरं वाटलं असतं. दोर्सिला ओट्यावर केबाया टाकून बाहेर पडली, खोपट्यावर गेली आणि कुऱ्हाड घेऊन राईत उतरली.

मादीला कुऱ्हाड लावणं म्हणजे आईवर हात उचलणं. ते पाप या डोंगरात कुणी करत नाही. नराला कसली मनाई? पहिलं झाड तिनं तेच तोडलं, ज्याला केबाया घातली होती. गाव अजून फळं वेचत होतं. कुणी हसलं नाही, कुणी अडवलंही नाही, कारण चिंधी तिच्या नावाची होती.

तिसरं झाड पडलं तेव्हा इद्रिसच्या डोक्यात प्रकाश पडला. तो धावत आला.

"ताई, सगळी नको! एक-दोन तरी ठेव. नर नसला तर माझ्या झाडांना फळ कसं धरेल?"

"मला काय कळतंय त्यातलं?" दोर्सिला म्हणाली आणि घाव घातला.

"पाया पडतो. आईकडे तरी बघ! ती काय खाईल?"

"जे टिकेल त्याला उपाशी ठेवायचं असतं, इद्रिस. तुला आईनं सांगितलं नाही का?"

तो गुडघ्यावर बसून रडला, खरंखुरं रडला, लहानपणी रडायचा तसं, नाक पुसत. दोर्सिलाला एकदा वाटलंही, की पदरानं त्याचं नाक पुसावं. तिनं कुऱ्हाड बदलून दुसऱ्या हातात घेतली. हाताला फोड आले, ते फुटले. अंधार पडल्यावर ती तिथंच आडवी झाली आणि उजाडल्यावर पुन्हा उठली. दुसऱ्या दिवशी दुपार कलली तेव्हा राईत एकही लाल चिंधी उभी नव्हती. तिच्या इतक्या वर्षांच्या आशेचा पाला जमिनीवर पसरला होता, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं. इद्रिसच्या माद्या पुढच्या वर्षी लाजत फुलतील आणि फुलून गळतील. आता या घरात सगळे सारखेच. वाटणी आज झाली.

ती तशीच, हातातून रक्त गळत, आईच्या दारात गेली. हे तिला स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं.

योसिनानं चुलीवरून साबूदाण्याच्या पिठाचा पापेदा उतरवला होता. चिकट लगदा दोन काड्यांवर गुंडाळून ती ताटात घेत होती. शेजारी हळदीच्या रश्श्यातला मासा. तिनं दोन ताटं वाढली होती.

"सगळी तोडली," दोर्सिला म्हणाली. "एकही नर ठेवला नाही. आता बघू तुझा इद्रिस कसा टिकतो ते."

"हात धुऊन घे," आई म्हणाली. "मीठ लावू नकोस, झोंबेल."

"ऐकलंस का तू? एकही ठेवला नाही!"

"ऐकलं. तू तोडणार हे मला ठाऊक होतं. तुझा स्वभाव मला ठाऊक नाही का?" आईनं माशाचा मोठा तुकडा तिच्या ताटात सरकवला. "राईपलीकडे, वरच्या बांधाला, तुझ्या बापाच्या जुन्या झाडांत, दोन नर राखून ठेवलेत मी. त्यांना चिंधी बांधली नव्हती. तेवढे पुरतात. बस, जेव. निवला की हा घट्ट होतो."